कठडा, मूठ, नळ: दवाखान्यात जंतुरोधक लेप कुठे लावावा आणि कसा पारखावा

वीस-पंचवीस खाटांच्या दवाखान्यात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी जंतुरोधक लेपाचं माहितीपत्रक घेऊन येतो. ‘एकदा फवारा, तीन महिने निर्धास्त राहा’, ‘९९.९ टक्के जंतूंचा नायनाट’. डॉक्टर किंमत विचारतात, मेट्रन ‘मग रोजचं पुसणं बंद करायचं का?’ म्हणून विचारतात, आणि निर्णय बहुतेक वेळा विक्रेत्याच्या बोलण्यावर होतो. तो आपल्या माहितीवर व्हावा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. डॉक्टर, मेट्रन, देखभाल बघणारा इलेक्ट्रिशियन, ज्यांच्या अंगावर हे काम पडतं त्या सगळ्यांसाठी.

माझं मत आधीच सांगतो. जंतुरोधक लेप उपयोगी आहेत, पण तीन अटींवर. हात सतत लागतो अशाच जागी ते लावायचे. जंतू त्या लेपाला प्रत्यक्ष भिडला पाहिजे, मध्ये मळाचा किंवा पॉलिशचा थर नको. आणि रोजची पुसपास चालूच राहिली पाहिजे. यातली एक अट जरी मोडली, तरी पैसे पाण्यात.

जंतू बसतो कसा

कोरड्या पृष्ठभागावर जंतू लगेच मरतात, असा अनेकांचा समज असतो. २००६ साली जर्मन संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार स्टॅफिलोकोकस ऑरियस कोरड्या निर्जीव वस्तूंवर ७ दिवसांपासून ७ महिन्यांपर्यंत तग धरतो आणि ॲसिनेटोबॅक्टर ३ दिवसांपासून ५ महिन्यांपर्यंत. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, ५ महिने टिकतात. म्हणजे मागच्या महिन्यात डिस्चार्ज झालेल्या पेशंटचा जंतू आजच्या पेशंटच्या कठड्यावर असू शकतो.

पहिले काही तास जंतू पृष्ठभागाला सैल चिकटलेला असतो, फडक्याने निघतो. मग तो स्वतःभोवती बुळबुळीत पदार्थ सोडतो, शेजारी आणखी जंतू येतात आणि बायोफिल्म तयार होते. ती एकदा घट्ट झाली की जंतुनाशकही आतपर्यंत नीट पोचत नाही. लेपाचं खरं काम या पहिल्या टप्प्यातलं आहे: दोन पुसण्यांच्या मधल्या वेळेत जंतूला बस्तान बसवू न देणं. बेसिनच्या जाळीखालच्या पाइपात आधीच साचलेल्या बायोफिल्मवर कुठलाही लेप काही करू शकत नाही. तिथे ब्रश, प्लंबर आणि वेळेवर बदललेला ट्रॅप हेच उपाय आहेत.

पहिली पायरी: हाताचा माग काढा

लेप घेण्याआधी वॉर्डात एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसा आणि एका शिफ्टमध्ये कुणाचा हात कशाला किती वेळा लागतो, ते कागदावर रेघा मारून मोजा. मावशी, वॉर्डबॉय मामा, सिस्टर, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांचे हात. बहुतेक जण भिंत, फरशी, छत यांच्या लेपाबद्दल विचारत येतात. रेघा मोजल्यावर दिसतं, की भिंतीला जवळपास कुणी हात लावत नाही. कठडा, सलाईन स्टँडचा मधला भाग, जेवणाचं टेबल, नातेवाइकाच्या खुर्चीचा हात, बेल, संडासच्या दाराची कडी आणि नळ यांवर मात्र रेघांची गर्दी होते.

अमेरिकेत तीन रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत खोलीतल्या जेमतेम सहा प्रकारच्या वस्तू तांब्याच्या केल्या होत्या. कठडे, सलाईन स्टँड, ट्रे-टेबल, खुर्चीचे हात, बेलचं बटण आणि संगणकाचा माउस वगैरे. भिंतीला हात लावला नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: साध्या खोल्यांत रुग्णालयात जडलेल्या संसर्गाचं प्रमाण ८.१ टक्के होतं, तांब्याच्या खोल्यांत ३.४ टक्के. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, म्हणून या आकड्याची हमी कुणाला देऊ नका. पण जागा निवडण्याची ती पद्धत जरूर उचला.

दुसरी पायरी: लेपाची जात ओळखा

बाजारात नावं शेकड्यांनी आहेत, जाती मोजक्याच.

तांबं आणि त्याचे मिश्रधातू यांत मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदणी दिली. घन पदार्थाला अशी नोंदणी मिळण्याची ती पहिलीच वेळ. नोंदणीतला दावा असा, की नेहमीची सफाई चालू असेल तर ठरावीक जीवाणूंपैकी ९९.९ टक्क्यांहून जास्त जीवाणू दोन तासांत मरतात. तांब्याचं प्रमाण किमान ६० टक्के हवं. म्हणजे चांगलं पितळही चालतं. त्याच नोंदणीत हेही बजावलेलं आहे, की हा सफाईला पर्याय नाही, जोड आहे.

याची चाहूल खूप आधी लागली होती. १९८३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानियात एका रुग्णालयात पितळेच्या आणि स्टेनलेस स्टीलच्या दाराच्या मुठी तपासल्या गेल्या. चकचकीत आणि ‘स्वच्छ’ दिसणाऱ्या स्टीलवर जंतू टिकले, डागाळलेल्या पितळेवर मरत गेले. आपल्याकडे तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं आणि ते खरंही आहे. २०१२ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवून त्यातले जीवाणू गेल्याचं दाखवलं होतं. पण पाण्यात तांबं विरघळून हळूहळू काम करतं. कोरड्या मुठीवर जंतू थेट धातूला भिडतो, त्याचं आवरण फुटतं आणि मरण्याचा वेग जास्त असतो. म्हणून भांड्याचे १६ तास मुठीला लावू नका.

चांदीचे लेप, म्हणजे चांदीचे आयन (प्रभार असलेले सूक्ष्म कण) सोडणारे रंग, पावडर कोटिंग आणि प्लास्टिक, खूप विकले जातात. यांची अडचण अशी, की आयन सुटायला ओलावा लागतो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या बिल कीव्हिल यांच्या गटाने तांबं आणि चांदी शेजारी ठेवून तपासली. उष्ण, दमट वातावरणात दोन्हींनी काम केलं. खोलीच्या तापमानाला, कोरड्या हवेत चांदीचा लेप साध्या स्टीलपेक्षा वेगळा वागला नाही. तांब्याचं काम चालू राहिलं. चिपळूणला जुलैत खिडक्या उघड्या असलेल्या जनरल वॉर्डात चांदी काही करील, पण एसी चालू असलेल्या आयसीयूत मे महिन्यात तिच्यावर विसंबू नका.

चौथ्या श्रेणीच्या अमोनियम संयुगांचे सिलेन लेप हे फवारून लावायचे. रेणूचं एक टोक पृष्ठभागाला रासायनिक बंधाने चिकटतं, दुसऱ्या टोकाची लांब साखळी आणि धन प्रभार जंतूच्या आवरणाला फाडतात. पृष्ठभागातून काहीच सुटत नाही, म्हणून सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बरे. पण या लेपावर मळाचा, घामाचा, साबणाचा थर बसला की जंतू त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नेहमीच्या ऋण प्रभाराच्या डिटर्जंटनेही तो निष्प्रभ होतो. कोविडच्या काळात या जातीची फवारणी बरीच विकली गेली.

टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रकाश-उत्प्रेरक लेप लावण्याआधी एकच गोष्ट विचारा: उजेड कुठून येणार? या प्रक्रियेचा पाया टोकियोच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली घातला. साध्या टायटॅनियम डायऑक्साइडला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात. वॉर्डातल्या एलईडी ट्यूबमध्ये ते जवळजवळ नसतात. रात्री दिवे बंद केल्यावर तर लेप नुसता रंग उरतो.

जंतू मारण्याऐवजी त्याला चिकटूच न देणारे पृष्ठभागही आहेत. फ्लोरिडा विद्यापीठात शार्कच्या कातडीवरून घेतलेली सूक्ष्म खाचांची नक्षी त्यातलीच. कल्पना सुंदर आहे आणि जंतू लेपाला दाद देईनासे होण्याचा प्रश्नही त्यात कमी येतो, पण ती उपकरणांवर शोभते, कठड्यावर नाही.

कॅथेटरच्या लेपांचा विषय वेगळा आहे आणि तो डॉक्टरांचा आहे. एवढंच सांगतो: २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, थोड्या दिवसांसाठी घातलेल्या लघवीच्या नळीला चांदीचा लेप असल्याने संसर्गात फरक पडला नाही. नळी लवकर काढणं, हा उपाय मात्र फुकट आहे.

तिसरी पायरी: प्रमाणपत्र नीट वाचा

विक्रेता ‘आयएसओ २२१९६’ असं लिहिलेला कागद दाखवील. चाचणी खरी आणि मान्यताप्राप्त आहे, पण ती कशी करतात ते समजून घ्या. पाच सेंटिमीटरच्या चौरस तुकड्यावर जीवाणूंचं ०.४ मिलिलिटर द्रावण ठेवतात, त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म दाबतात, म्हणजे ते सुकत नाही. मग ३५ अंश तापमान आणि किमान ९० टक्के आर्द्रता असलेल्या पेटीत २४ तास ठेवतात. तुमचा कठडा असा दिवसभर ओल्या फिल्मखाली बसत नाही. म्हणूनच चांदीचे लेप या चाचणीत उत्तम गुण मिळवतात आणि वॉर्डात नापास होतात. कोरड्या पृष्ठभागासाठी २०२३ साली आयएसओ ७५८१ ही वेगळी चाचणी आली आहे. तिचा अहवाल मागा. विक्रेत्याला तिचं नावच ठाऊक नसेल, तर त्यावरूनही बरंच समजतं.

टक्क्यांच्या मोहात पडू नका. ९० टक्के म्हणजे दहापट घट, ९९ म्हणजे शंभरपट, ९९.९ म्हणजे हजारपट. दहा लाख जंतूंतून ९९.९ टक्के मेले, तरी एक हजार उरतात. अहवालात ही घट ‘लॉग’ मध्ये लिहिलेली असते: १, २, ३. तिच्याशेजारी वेळ लिहिलेली नसेल, तर तो आकडा निरर्थक. दोन तासांत ३ लॉग आणि चोवीस तासांत ३ लॉग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण चोवीस तासांत तुमच्या मावशी तो कठडा निदान दोनदा पुसणारच आहेत.

आणखी चार गोष्टी अहवालात शोधा. चाचणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाली का. नमुना तुम्हाला विकायच्या मालाचाच होता, की नुसत्या रसायनाचा. लेप घासल्यावर, तुमच्याच जंतुनाशकाने अनेकदा पुसल्यावर पुन्हा तपासला का; ही टिकाऊपणाची चाचणी नसेल तर ‘तीन महिने’ हे शब्द कुठून आले, ते विचारा. आणि नुसता इ. कोलाय आणि स्टॅफ तपासला आहे, की तुमच्या वॉर्डात खरोखर त्रास देणारे क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टरही आहेत. बीजाणूंवर यातले लेप भरवशाचे नाहीत.

चौथी पायरी: पितळ उघडं आहे का, ते तपासा

ही पायरी बहुतेक लोक विसरतात आणि सगळा खर्च इथेच वाया जातो. हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत पितळी मूठ वर्षभर तशीच चमकते, याचं कारण तिच्यावर लॅकरचा पारदर्शक थर असतो. जंतू त्या थरावर बसतो, पितळेला त्याचा स्पर्शही होत नाही. अमेरिकी नोंदणीतही तांब्यावर रंग, मेण, लॅकर लावू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

तपासणी सोपी आहे. इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा आणि दोन्ही प्रोब मुठीवर आडवे, हलकेच टेकवा. टोकाने दाबू नका, थर टोचला जातो. बीप वाजला तर धातू उघडा आहे. वाजला नाही तर लॅकर आहे. मल्टिमीटर नसेल तर चिंचेच्या कोळाचा एक थेंब कोपऱ्यात ठेवा आणि दोन मिनिटांनी पुसा. उघड्या पितळेवर उजळ ठिपका पडतो, लॅकरवर काहीच होत नाही. लॅकर आहे असं दिसलं, तर तो थिनरने काढता येतो. पण ते काम मूठ खोलून, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि आग लांब ठेवून करा.

उघडं तांबं काळपट पडणार. हात लागतो तिथे ते चमकेल, सांध्यांत गडद होईल. त्याने जंतू मारण्याची ताकद जात नाही. पण नातेवाइकांना ते अस्वच्छ वाटतं, म्हणून कुणीतरी पितांबरीने घासून वर पॉलिश मारतो, आणि पॉलिशचं मेण त्यावर बसतं. चिंच-मीठ किंवा पितांबरीने घासायला हरकत नाही, पण स्वच्छ धुऊन कोरडं पुसा आणि वर काहीही लावू नका.

पाचवी पायरी: बसवणं

पुण्यातल्या कसबा पेठेतले तांबट अजूनही पत्रा ठोकून, मठारून भांडी घडवतात. असे कारागीर गावोगावी थोडे का होईना, उरले आहेत. कठड्याच्या गोल पाइपवर पत्र्याचं आवरण बसवायचं काम अशा हाताला सहज जमतं, ते माझ्या मते चिकटपट्टीपेक्षा कितीतरी चांगलं. तांब्याची चिकटणारी टेप स्वस्त पडते, पण तिच्या कडेखाली मळ शिरतो, कड उचलली जाते आणि नखाएवढ्या फटीत नेमकी तीच बायोफिल्म जमते जी आपल्याला नको होती.

लोखंडी पाइपवर थेट तांबं ठेवू नका. ओल लागली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि लोखंड झपाट्याने गंजतं. पाइपचं पावडर कोटिंग शाबूत असेल तर ते मध्ये इन्सुलेशनचं काम करतं; जिथे खरवडलं असेल तिथे आधी दुरुस्त करा. पत्र्याच्या दोन्ही टोकांना सिलिकॉन सीलंट भरा. कडेची धार कानशीने मोडा, नाहीतर हात कापेल.

फवारणीचा लेप असेल तर पृष्ठभाग आधी डिटर्जंटने धुवा, साध्या पाण्याने निथळू द्या, पूर्ण सुकू द्या, मग अल्कोहोलने पुसा. तेलकट बोटांच्या ठशावर लेप धरत नाही. फवारण्याऐवजी फडक्याने लावणं जास्त चांगलं, कारण हवेतले सूक्ष्म थेंब श्वासातून जातात आणि लेप सगळीकडे सारखा बसत नाही. चौथ्या श्रेणीच्या अमोनियम संयुगांनी सफाई कर्मचाऱ्यांत दम्याचा त्रास वाढतो, हे दीर्घकाळ दिसून आलेलं आहे. मामांना मास्क, चष्मा आणि हातमोजे द्या, खोली रिकामी ठेवा. नवजात बाळांच्या कक्षात फवारणी अजिबात नको.

सहावी पायरी: पुसायचं कशाने

इथे आपल्याकडच्या सवयीशी गाठ आहे. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट प्रत्येक दवाखान्यात असतं. पाच टक्क्यांच्या कॅनमधला एक भाग आणि चार भाग पाणी. रक्त-थुंकी सांडल्यावर ते हवंच. पण रोज तांब्यावर आणि पितळेवर तेच लावलं, तर धातू खड्डे पडून खराब होतो. तांब्याचे भाग रोज डिटर्जंटच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा आणि जंतुनाशक हवं तिथे ७० टक्के अल्कोहोल वापरा. हायपोक्लोराइट लावावंच लागलं, तर ठरलेला वेळ ठेवून साध्या पाण्याने पुसून काढा. अमोनियम सिलेनचा लेप असेल, तर त्या लेपाशी कुठला साबण चालतो, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आणि मावशींना हे सगळं नुसतं सांगू नका, कारण समजावून सांगा. ‘इथे चमक नको, मळ नको’ एवढं त्यांना कळलं की उरलेलं त्या स्वतः बघतात. ‘आता लेप लावलाय, पुसायची गरज नाही’ ही अफवा मात्र पहिल्याच दिवशी थांबवा.

सातवी पायरी: मोजा

निम्म्या खाटांवर लेप लावा, निम्म्या तशाच ठेवा. सफाई तीच, माणसं तीच. सकाळच्या सफाईआधी स्वॅबने, म्हणजे निर्जंतुक कापसाच्या काडीने, नमुने घ्या, कारण रात्रभर लेपाने काय केलं ते तेव्हाच दिसतं. सपाट जागी १० बाय १० सेंटिमीटरची चौकट वापरा. एक इंची कठड्याचा परीघ साधारण आठ सेंटिमीटर असतो, म्हणून पाइपवर साडेबारा सेंटिमीटर लांबी पूर्ण गोल पुसली की शंभर चौरस सेंटिमीटर होतात. प्रयोगशाळेला फक्त क्रमांक द्या, लेप कुठला ते सांगू नका.

एक गोष्ट आवर्जून सांगा: स्वॅब न्यूट्रलायझर (जंतुनाशकाचा परिणाम थांबवणारा पदार्थ) असलेल्या द्रवात हवा, उदाहरणार्थ डे-एंगली द्रवात. नाहीतर लेपाचा किंवा जंतुनाशकाचा अंश स्वॅबसोबत जातो, नळीतच जंतू मारतो आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. असा खोटा ‘शून्य’ अहवाल विक्रेत्याला आवडतो, पेशंटला उपयोगाचा नाही. स्कॉटलंडमधल्या स्टेफनी डान्सर यांनी हाताच्या स्पर्शाच्या जागांसाठी सुचवलेली मर्यादा चौरस सेंटिमीटरला ५ वसाहतींपेक्षा (प्लेटवर उगवलेल्या जंतूंच्या ठिपक्यांपेक्षा) कमी अशी आहे. म्हणजे तुमच्या शंभर चौरस सेंटिमीटरला पाचशेच्या आत.

सफाई खरोखर होते का, हे तपासायला स्वॅब लागत नाही. अतिनील उजेडात चमकणारं जेल कठड्याच्या खालच्या बाजूला ठिपक्याएवढं लावा आणि दुसऱ्या दिवशी टॉर्चने बघा. ठिपका तसाच असेल तर वरचा भाग पुसला, खालचा राहिला. पेशंट धरतो तो खालूनच. यावरून कुणाला रागावू नका, हात कसा फिरवायचा ते दाखवा.

फवारणीचा लेप अजून आहे की झिजला, हे तारखेवरून ठरवू नका. अमोनियम सिलेनचा लेप ब्रोमोफेनॉल ब्लू या रंगाला धरून ठेवतो. दिसणार नाही अशा कोपऱ्यात आधी पृष्ठभाग स्वच्छ धुवा, कारण जंतुनाशकाचा अंश राहिला तर तोही निळा होतो. मग रंगाचं पातळ द्रावण लावा, अर्ध्या मिनिटाने पाण्याने धुवा. निळा ठसा राहिला तर लेप आहे. ठसा धुऊन गेला, तर लेपही गेलेला आहे, मग विक्रेत्याच्या कागदावर अजून दोन महिने शिल्लक असोत किंवा नसोत.